नागनाथची जागा

"नागनाथ सोळुंके तुझ्याच लाइनवर ना?"

गाडेकर माझ्या कानाशी तोंड आणून विचारत होता. तो शिफ्ट ऑफिसातला कारकून. काम असलं की काचेआडूनच हात हलवायचा, लाइनवर सहसा यायचा नाही. मी मान हलवली. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत सीटच्या कव्हरमध्ये होते.

"त्याच्या बहिणीचा फोन होता. वडिलांना हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात ठेवलंय. छातीत दुखतंय. सारखं याचंच नाव घेतायत म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या."

"त्याला सांगितलंत?"

"देवस्थळी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, शिफ्ट सुटल्यावर सांगा. आत्ता त्याच्या जागी द्यायला माणूस नाही." गाडेकरने मागे वळून पाहिलं. "मी तुझ्या कानावर घातलं. पुढचं तू बघ."

तो गेला. मी कव्हर खाली ओढलं, मागच्या बाजूने क्लिपा मारल्या आणि सीट पुढे सोडली. पुढची सीट लगेच समोर आली.

ही चाकणची गोष्ट आहे, मी तिशीत होतो तेव्हाची. आम्ही मोटारींच्या सीट बनवत होतो. जवळच्या कारखान्यात ज्या क्रमाने गाड्या तयार होत, त्याच क्रमाने आमच्या सीट ट्रकात चढायच्या. मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे तयार सीटचं गोदाम होतं. लाइन थोडा वेळ अडली तरी गोदामातला माल जायचा, बाहेर कुणाला पत्ता लागायचा नाही. मग 'लीन' आलं, म्हणजे जादा माल नको, जादा माणूस नको अशी पद्धत. पहिल्या ट्रेनिंगला साहेबांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेली शालन वाघचौरे हळूच म्हणाली, "लीन म्हंजे देवापुढं होतो तसं का?" आम्ही तोंडावर हात धरून हसलो. त्यानंतर गोदाम गेलं. लाइनवरची स्टुलं गेली. कुणी लघवीला गेलं तर त्याच्या जागी उभा राहणारा एक जादा माणूस असायचा, तोही गेला. मी लीडर होतो. पूर्वी लीडरने लाइनवर फिरायचं आणि जिथे अडेल तिथे हात लावायचा, अशी रीत होती. आता मलाही एक जागा नेमून दिली होती.

अशा एकूण बारा जागा. प्रत्येकाच्या पायाखाली जमिनीवर पिवळा चौकोन रंगवलेला. डोक्यावरून एक दोरी गेलेली होती. काम वेळेत झालं नाही तर ती ओढायची, म्हणजे लाइन थांबायची, लाल दिवा लागायचा आणि लहान मुलांच्या खेळण्यासारखं एक गाणं वाजायचं. दोरी ओढायची मुभा सगळ्यांना होती. पण ओढणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये वाचलं जायचं, म्हणून कुणी तिला हात लावत नसे.

नागनाथ माझ्यापुढे दुसरा. त्याचं काम वाफेच्या इस्त्रीने कव्हरच्या सुरकुत्या काढायचं. मधे इस्माईल तांबोळी, तो सीटबेल्टच्या कडीचा बोल्ट आवळायचा. नागनाथच्या पुढे शेवटी शालनताई. ती डोकं टेकायची उशी बसवायची आणि सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवायची. नागनाथ त्या सगळ्यांत लहान, ठेकेदाराकडून आलेला. वाफेत उभा राहून त्याचा चेहरा कायम घामेजलेला असायचा. त्या दिवशीही होता. त्याला काही माहीत नव्हतं.

मी हिशेब करत होतो. आत्ता निघाला तर दुपारची एसटी मिळेल, रात्रीपर्यंत पोचेल. शिफ्ट सुटल्यावर निघाला तर दुसरा दिवस उजाडेल. आणि माझ्याकडे त्याच्या जागी उभं करायला कुणी नव्हतं. मी स्वतःसुद्धा नव्हतो.

"इस्माईलभाई," मी हात न थांबवता म्हणालो, "नागनाथचा बाप जायला टेकलाय. साहेब म्हणतात, सुटल्यावर सांगा."

इस्माईलने पान्याचा एक झटका दिला, आवळल्याची खूण म्हणून बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचे वडील तो या लाइनवर असतानाच गेले होते. मातीला पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

"इस्त्री माझ्या बाजूला सरकव," तो म्हणाला. "अर्ध्या सुरकुत्या मी काढतो. राहिलेल्या शालनताईला सांग."

शालनताईला सांगायला मला दोन सीटच्या मधे पळत जाऊन पळत यावं लागलं. तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "त्याला आदी जाऊ द्या," एवढंच म्हणाली.

मग मी नागनाथजवळ गेलो. इस्त्रीचा आवाज मोठा होता, त्यामुळे ओरडूनच सांगावं लागलं. अशी गोष्ट ओरडून सांगायची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही. त्याने इस्त्री हुकला अडकवली. हात पँटला पुसले.

"पण लाइन, भाऊ?"

"लाइन आम्ही बघतो. तू नीघ."

"साहेबांनी सोडलं?"

"मी सोडलंय. गेटपासवर माझी सही चालते."

तो दोन पावलं गेला आणि परत फिरून चालत्या सीटवरची एक सुरकुती हाताने सारखी करू लागला. शालनताईने त्याचा हात धरून बाजूला केला.

शिफ्ट संपेपर्यंत आम्ही कसं काम केलं ते आता सांगता येणार नाही. मला फक्त इस्माईलचा श्वास आठवतो. शालनताई एका हाताने उशी दाबत होती, दुसऱ्या हातात इस्त्री. आमच्या आधीच्या जागांवरच्या लोकांनी आमच्या वाटणीच्या क्लिपा न सांगता मारून पाठवायला सुरुवात केली. कुणी पाणी प्यायला हललं नाही. ट्रक वेळेवर गेला. दोरी जागची हलली नाही.

शेवटी देवस्थळी साहेब आले. उंच, शांत माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. त्यांनी रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं, मग वरच्या आकड्यांच्या पाटीकडे.

"सोळुंकेला सोडलंत?"

"सोडलं साहेब. जबाबदारी माझी."

"आणि आकडा पुरा झाला?"

"सगळ्यांनी वाटून घेतलं."

मला वाटलं होतं, बोलणी बसतील. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगली टीम आहे तुमची," ते म्हणाले. मी ते सगळ्यांना सांगितलं. बसमध्ये त्या दिवशी आमच्या लाइनची माणसं मोठमोठ्याने बोलत होती. सगळे दमलेले होते, पण खुशीत होते.

नागनाथ रात्री पोचला. बापाने त्याला ओळखलं. पहाटे ते गेले. गाडेकरकडे फोन आला तो असा. तेरावं करूनच तो परत येणार होता.

मी ठेकेदाराकडे बदली माणूस मागितला. तो म्हणाला, उद्या देतो. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. आम्ही ओढत राहिलो. पोरगा सुतकात आहे, त्याची जागा सांभाळायची, असंच सगळ्यांच्या मनात होतं. शालनताईचे अंगठे सुजले. एका सकाळी बसमध्ये ती म्हणाली, "भाकरीचं पीठ मळवंना मला. सूनबाईला बसवलं चुलीपुढं." इस्माईल बोलायचा कमी झाला. वेळ वाचवायला तो पिवळे ठिपके आधीच चार-पाच सीटना एकदम लावून ठेवायचा आणि मागून बोल्ट आवळत यायचा. मी ते पाहत होतो. थांबव म्हणायला माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्हाला लाइनजवळ उभं केलं. देवस्थळींबरोबर मुख्य ऑफिसातले दोन पाहुणे होते. साहेबांनी आमच्याबद्दल चांगलं सांगितलं. ही माणसं अडचणीत एकमेकांना कशी धरून राहिली, हे सांगताना त्यांचा स्वर खरोखर मऊ झाला होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. पेढे वाटले. शालनताईने तिचा पेढा रुमालात बांधला. "नागनाथ आला की देते," म्हणाली.

सुट्टी संपून परत आलो तर रंगारी गुडघ्यावर बसून नागनाथचा पिवळा चौकोन खरवडत होता. बाकीचे चौकोन थोडे थोडे सरकवायची खूण त्याने खडूने करून ठेवली होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अकरा करायला सांगितलेत," तो म्हणाला.

मी तसाच देवस्थळींच्या केबिनमध्ये गेलो. ते फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "बसा, ठोंबरे."

"साहेब, आम्ही ते त्याच्यासाठी केलं होतं."

"मला माहीत आहे."

"तो परत आला की त्याची जागा त्याला द्यायची म्हणून केलं होतं."

"तेही माहीत आहे. पण इतके दिवस लाइन अकरा माणसांत चालली, हे वर सगळ्यांनी पाहिलं. मी बारावा माणूस कशासाठी मागू? कारण काय लिहू?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी हेच केलं असतं."

मी बाहेर आलो. लाइन माझ्यासाठी थांबलेली नव्हती. माझी जागा तेवढा वेळ माझ्या आधीच्या जागेवरचा माणूस सांभाळत होता. मी घाईने त्याला बाजूला केलं आणि माझ्या चौकोनात उभा राहिलो.

नागनाथ आला तो डोकं भादरलेलं, अंगावर तोच कंपनीचा शर्ट. सकाळची शिफ्ट सुरू व्हायची होती. तो चालत आपल्या जागेपाशी आला आणि जमिनीकडे बघत राहिला. खरवडलेल्या जागी सिमेंट पांढरं दिसत होतं.

"माही जागा कुठंय, भाऊ?"

शालनताई पाठ करून उभी राहिली.

"ठेकेदाराला भेट," मी म्हणालो. "तो दुसरीकडे लावेल."

"त्यो म्हन्ला, बोलावतो. घरी बस म्हन्ला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्या काय चुकलो का?"

"नाही."

"मग?"

भोंगा वाजला. पट्टा सुरू झाला आणि पहिली सीट माझ्यापुढे आली. तो थोडा वेळ तिथेच उभा होता. आम्ही हात चालवत होतो, आणि तो उभा राहून आम्हाला त्याचं काम करताना बघत होता. मग सिक्युरिटीवाला आला आणि त्याला हाताला धरून घेऊन गेला.

त्याच आठवड्यात ते घडलं.

ट्रक भरत आला होता. इस्माईलने अचानक पान्यासह हात खाली घेतला. त्याची सीट पुढे निघून गेली तरी तो हलला नाही.

"इस्माईलभाई?"

"ठोंबरे," तो अगदी हळू म्हणाला, "मघाशी एक गेली. मी ठिपका लावला होता. बोल्ट हाताने बसवला होता. पाना लावला का नाही, आठवत नाही."

"कुठली सीट?"

"ते पण आठवत नाही. काळी होती. ड्रायव्हरची."

काळ्या ड्रायव्हर सीट ट्रकात कितीतरी होत्या. सगळ्यांवर ठिपका होता. बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं.

"कदाचित लावलाही असेल," इस्माईल म्हणाला. त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता. "लावलाच असेल."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्या सीटवर कोण बसणार होतं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी हात वर केला आणि दोरी ओढली.

लाइन थांबली. लाल दिवा लागला. ते गाणं वाजायला लागलं. सगळ्या कारखान्याची तोंडं आमच्याकडे वळली. मी गेटकडे धावलो आणि ट्रकपुढे उभा राहिलो. ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता.

देवस्थळी आले तेव्हा त्यांचा फोन वाजत होता. गाड्यांच्या कारखान्यातून ट्रक कुठे आहे म्हणून विचारणा सुरू झाली होती.

"काय झालं?"

"एक बोल्ट सैल असण्याची शक्यता आहे. सगळ्या सीट तपासाव्या लागतील."

"ठिपके आहेत ना?"

"ठिपक्यांवर भरवसा नाही साहेब."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग कोट काढून ट्रकच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "पाना द्या."

आम्ही दोघं आत चढलो. आत उकाडा होता, प्लास्टिकचा वास कोंडला होता. मी पिशवी फाडायचो, ते बोल्टला पाना लावायचे. घट्ट बोल्ट असला की पाना टिक् असा आवाज करतो. टिक्. पुढची. टिक्. त्यांचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. त्यांनी तो घेतला नाही. खाली लाइनवरची सगळी माणसं येऊन उभी होती. इस्माईल त्यांच्यात नव्हता. तो लाइनजवळच भिंतीला टेकून बसला होता.

जवळजवळ सगळ्या सीट झाल्या. देवस्थळींच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. "काही नाहीये, ठोंबरे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुम्ही उगाच…"

त्यांनी पाना पुढच्या बोल्टला लावला आणि तो फिरला. काही अडलंच नाही, सैल झाकण फिरावं तसा फिरला. ते थांबले. पाना काढून त्यांनी बोटांनी बोल्ट धरला आणि उलटा फिरवला. बोल्ट त्यांच्या हातात आला. त्याच्या डोक्यावर पिवळा ठिपका होता.

ते तसेच सीटांच्या मधे उकिडवे बसून राहिले.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाचं काम?"

"माझं," मी म्हणालो. "लाइन मी लावली आहे."

"ठोंबरे, मी बोल्ट कुणी लावला ते विचारतोय."

"मी तेच सांगतोय."

"तुम्हाला नाव लपवायचं असेल तर लपवा." आता पहिल्यांदा त्यांचा आवाज वर गेला. "पण याच अकरा माणसांनी तेरा दिवस सुरळीत काम केलं. एकदाही दोरी ओढली नाही. तेव्हा जमत होतं, मग आता काय झालं?"

मग मागून शालनताई पुढे आली. अंगठ्यांना तिने कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

"तवा नागनाथच्या बापासाठी केलं, सायेब," ती म्हणाली. "आता रोज कुनासाठी करायचं?"

ती भांडणाच्या सुरात बोलली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. देवस्थळींनी हातातला बोल्ट खिशात घातला, आणि फोन कानाला लावत ऑफिसकडे गेले.

गाड्यांचा कारखाना त्या दिवशी आमच्या सीटवाचून अडला. चौकशी झाली. अहवालात 'लाइन लीडरचा निष्काळजीपणा' असं आलं, आणि ते मी नाकारलं नाही. माझं लीडरपद गेलं, मला फोमच्या गोदामात टाकलं. इस्माईल महिनाभर रोज माझ्याकडे येऊन बसायचा आणि उठून जायचा. बारावी जागा मात्र परत मिळाली. देवस्थळींनी कारण काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. रंगाऱ्याने पुन्हा चौकोन काढला आणि ठेकेदाराने नागनाथला बोलावून घेतलं. वर्षभराने देवस्थळी नोकरी सोडून गेले. कुणी म्हणायचं काढलं, कुणी म्हणायचं स्वतः गेले.

गोदामातून फोमच्या गाड्या लाइनवर नेणं हे माझं काम होतं. अशीच एक गाडी ढकलत मी एकदा लाइनजवळून जात होतो. नागनाथ परत येऊन बरेच महिने झाले होते, केस वाढले होते. शेवटच्या जागेवर शालनताई उशी बसवत होती आणि तिचा अंगठा अडकल्यासारखा झाला. उशी अर्धी आत गेली, पुढे जाईना. तिने दुसऱ्या हाताने रेटून पाहिलं. चेहरा कळवळला. सीट पुढे सरकत होती.

नागनाथ शेजारीच होता. त्याने इस्त्री हुकला अडकवली आणि तिची उशी धरायला झटकन हात पुढे केला. पलीकडे इस्माईलही अर्धा वळला होता.

"हात लावू नगंस," शालनताई म्हणाली.

नागनाथला कळलं नाही. "अक्का, एकच उशी हाय. म्या बसवतो."

"नगं." ती त्याच्याकडे मायेने बघत होती, आपल्या पोराला आगीपासून मागे ओढावं तसं. "मला मदत करायची ना, लेकरा? मग दोरी ओढ."